चालू मशीनला हळदकुंकू लावत नाहीत

आमच्या सिडकोतल्या घरी कंप्युटरच्या डब्यावर सेलोटेपनं चिकटवलेला एक कागद होता. ‘हा कंप्युटर कोणीही बंद करू नये.’ अक्षर माझं, खालच्या दोन रेघाही माझ्याच. का बंद करू नये असं कुणी विचारलं की मी सांगायचो, हार्ड डिस्क नाजूक झालीय, बंद-चालू केलं की कायमची जाईल. हे कुणालाही आजवर सांगितलेलं नाही, म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो: त्या डब्यात हार्ड डिस्क नव्हतीच. ती मी मारली होती. आत नेमकं काय फिरतं ते बघायचं म्हणून एका रविवारी तिचं झाकण स्क्रू काढून उघडलं होतं. उघडल्यावर आरशासारखी चकती दिसली, तिच्यात माझं तोंडही दिसलं, आणि झाकण परत लावल्यावर नुसती कटकट ऐकू आली. मी कंप्युटर शिकत होतो. घरात, गल्लीत, मावशीच्या गावात सगळ्यांना मी कंप्युटरवाला म्हणून माहीत होतो. अशा माणसानं झाकण उघडून डिस्क मारली हे सांगणं मला जमलं नाही. मी ती फडक्यात गुंडाळून माळ्यावरच्या पिपामागं टाकली आणि कॉलेजातल्या एकाकडून पेन ड्राइव्हवरचं लिनक्स आणलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. असली सिस्टिम कंप्युटरमध्ये बसवावी लागत नाही. पेन ड्राइव्ह खुपसायचा, मशीन चालू करायचं, ती थेट त्याच्यावरून उठते. आमची तर इतकी आटोपशीर होती की उठताना सगळीच्या सगळी मेमरीत जाऊन बसायची आणि मग पेन ड्राइव्ह काढून घेतला तरी चालत राहायची. चित्रं काढा, टाइप करा, फोल्डर करा, सगळं दिसतं, सगळं जागच्या जागी राहतं. फक्त ते कुठंच ठेवलेलं नसतं. मैदानातल्या लग्नाच्या मांडवासारखं. पंगती उठेपर्यंत भिंती, दारं, झालरी सगळं असतं. मांडववाल्यानं बांबू उपसले की मोकळं मैदान. मशीन बंद झालं की गेलं. हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. कळल्यावर मी दुसरा पेन ड्राइव्ह आणायला हवा होता, नाहीतर त्याच ड्राइव्हवर रोज संध्याकाळी फायली उतरवून घ्यायला हव्या होत्या. पाच मिनिटांचं काम. मी कागद चिकटवला.

बंद करायचा नाही म्हटल्यावर आमच्या घरानं तो नियम देवासारखा पाळला, याचाच आज जास्त वैताग येतो. एखाद्यानं तरी आडवं बोलायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते. मूळ गंगापूरकडचे, शेती भावकीकडं, आणि जिभेवरची गंगापूरची भाषा शहरात येऊनही तशीच. त्यांना माणसांपेक्षा यंत्रांची माया. कुठल्याही चालत्या वस्तूजवळून जाताना तिच्या अंगावर तळहात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. डब्यावर हात ठेवून म्हणायचे, “लई तापलंय रं हे. माणसाला इतवारची सुट्टी, अन् याला नाय व्हय?” मी म्हणायचो, “अण्णा, हे तुमच्या लेथसारखं नसतं.” ते म्हणायचे, “नसंल बाबा,” आणि हात काढून घ्यायचे.

आईची वेगळीच तऱ्हा. धूळ बसू नये म्हणून ती चालू डब्यावर क्रोशाचा रुमाल घालायची, तोही नेमका मागच्या पंख्यावर. मी काढायचो, ती घालायची. “उघडं बरं दिसत नाय,” एवढंच कारण. त्या पंख्याची घरघर दिवसभर चालायची. सकाळी आई भाकऱ्या थापायची तेव्हा तो आवाज तव्याच्या आवाजाखाली दबायचा, दुपारी भांडी पालथी झाली की पुन्हा वर यायचा. शेजारच्या कौसरखाला भिंतीपलीकडून एकदा म्हणाल्या, “क्या रे रवी, तुमारे घर में घुर्रघुर्र कौन करता रे दिनभर? कोई बीमार हय क्या?” आईनं पडवीतूनच सांगितलं, “नाय हो, पोराचा कंप्युटर हाय. त्याला झोप नसती.” खाला म्हणाल्या, “फिर तो मेरे मियां से उल्टा हय,” आणि दोघी हसत बसल्या.

तो कंप्युटर खरं तर माझ्यासाठी चालू नव्हता, ताईसाठी होता. ताई मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळेत हातवाऱ्यांचा एक छापील तक्ता होता, कुठून तरी बाहेरून आलेला. त्यात भाकरी नव्हती, स्लाइस ब्रेड होता. शेत होतं, पण कापूस वेचणं नव्हतं. खेड्यांतून आलेली मुलं मात्र घरून स्वतःचे हात घेऊन यायची. भाकरीला दोन्ही तळव्यांत थापटायची. गंगापूरच्या एका पोरानं जीपची खूण केली होती: एक हात वर दांडीला लटकलेला, दुसऱ्यानं टोपी घट्ट धरलेली, आणि अंग बाहेर झुकलेलं. वैजापूरकडची एक मुलगी कांद्याला डोळा पुसायची, बाजार समितीला दोनदा डोळा पुसायची. ताई घरी येऊन हे सगळं आम्हाला करून दाखवायची आणि जेवताना अण्णाही तोंडानं न बोलता हातानं येसरची आमटी मागायला लागले होते. तिला या मुलांच्या स्वतःच्या खुणांचं चित्रांचं पुस्तक करायचं होतं. पुण्याची एक संस्था असली पुस्तकं छापायची आणि ती करणाऱ्यांना पुढं कामही द्यायची. त्यांची माणसं दसऱ्यानंतरच्या सोमवारी शाळेत येणार होती. घरात ताईच्या लग्नाचं चाललं होतं. तिनं अण्णांना सांगितलं होतं, “हे पुस्तक त्यांना दाखवू द्या. त्यांनी घेतलं तर मी पुण्याला जाईन. नाही घेतलं तर तुम्ही म्हणाल त्या घरी.” अण्णा म्हणाले होते, “घेत्याल की. न घ्यायला काय झालं?”

ती चित्रं माउसनं काढायची. डावा हात पडद्यासमोर धरून खूण करायची आणि उजव्या हातानं तो डावा हात काढायची. घाम फुटायचा तिला. पहिल्या चित्रांतली बोटं मला दाखवली तेव्हा मी म्हणालो, “ताई, भाजीचं पुस्तक आहे का? भेंड्या फार छान आल्यात.”

“तुझ्या तोंडापेक्षा बऱ्या आल्यात. सेव्ह कसं करायचं ते सांग.”

मी दाखवलं. तिनं ‘हात’ नावाचं फोल्डर केलं. पुढं बोटं सुधारत गेली, नखंसुद्धा दिसायला लागली. एका चित्रात तिनं जीपमधल्या पोराच्या मनगटावरचा काळा दोरा काढला होता. रोज उठताना विचारायची, “सेव्ह झालं ना रे रवी?” आणि मी रोज म्हणायचो, “झालं गं. किती वेळा विचारशील?” खरंच वैतागून म्हणायचो. एकदा तर, “तुम्हा लोकांना मशीनवर विश्वासच नाही,” असंही बोललो. पेन ड्राइव्ह तेव्हा माझ्या गळ्यात असायचा, निळ्या दोरीत. तो घालून मी कॉलेजात मिरवायचो. लॅबमधल्या कुठल्याही मशीनला खुपसून माझी सिस्टिम उठवून दाखवायची, पोरं जमायची. उरलेल्या जागेत गाणी भरली होती. ताईचं फोल्डर उतरवायचं तर गाणी उडवावी लागली असती. आज उडवतो, उद्या उडवतो करत गाणी राहिली.

लोडशेडिंग होतंच. पहिल्या दिवशी वीज जायच्या आधी मी अण्णांना सांगितलं की हा बंद पडून चालणार नाही. कारण तेच, नाजूक हार्ड डिस्क. त्यावर त्या माणसानं काय करावं? मोंढ्याकडच्या भंगारवाल्याकडून ट्रकची जुनी बॅटरी आणली, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरलं, कंपनीतल्या कुणाकडून नादुरुस्त इन्व्हर्टर मागून आणला, तो ओट्यावर उघडा करून दुरुस्त केला. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. त्यावर पंखा आणि कंप्युटर दोन्ही चालेनात, तेव्हा पंखा सोडला. वीज गेली की आम्ही चौघं घामात बसायचो, आई पेपरच्या घडीनं वारा घ्यायची, आणि कोपऱ्यात डबा आपल्या पंख्याच्या वाऱ्यात घरघरायचा. मॉनिटर तेवढा बंद ठेवायचो. आई म्हणायची, “घरच्या माणसांचं काय का होईना, याला जप.” अण्णा म्हणायचे, “ताईचं काम हाय त्यात. चार दिसांचा तर प्रश्न.” मी तेव्हा तिथंच बसलेलो असायचो. तिथंच.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते, ती अण्णांची. देवघरातलं आईचं, घटावर कडाकण्या टांगणं, पुरणाचा नैवेद्य, सगळं तिचं. पण पडवीत पाट मांडून त्यावर पाने, पकडी, हॅक्सॉ, पट्टी, हातोडी धुऊनपुसून ओळीनं ठेवायची ते अण्णाच. मग आईचं शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, दुरुस्त केलेला इन्व्हर्टर. कंपनीतही त्या दिवशी सगळी मशीनं थांबवून पूजा करत. त्यांचा एक नियम होता आणि तो कंपनीत एका माणसाचा हात पट्ट्यात गेलेला बघितल्यापासूनचा होता: आधी मेन काढायचा, मग जवळ जायचं. चालू मशीनला हळदकुंकू लावायचं नाही. ओला हात आणि करंट, आणि वर देवाचं नाव, हे त्यांना बसायचं नाही.

त्या सकाळी मी कर्णपुऱ्याच्या जत्रेला निघालो होतो. मित्र बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होते. मी आरशासमोर केस बसवत होतो, दुसऱ्या हातानं मोबाइलवर मेसेज टाइप करत होतो. अण्णा दारात आले. ओल्या पंच्यानं हात पुसत होते, कपाळाला कुंकू.

“रव्या, पूजेपुरतं कंप्युटर बंद करू का रं? मंग लगीच लावतो.”

“हं.”

“चालंल ना? त्यो कागद...”

“हो हो, करा ना अण्णा. किती विचारता!”

असं झालं होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. वरचं हार्ड डिस्कचं, गाण्यांचं मी कधीकाळी दारू प्यायलो असतो तर कुणाला तरी सांगूनही बसलो असतो. हे नसतं सांगितलं. मी नीट ऐकलं नव्हतं असं स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं आहे. पण मला कागदाचा उल्लेख आठवतो. ऐकू आल्याशिवाय तो कसा आठवेल?

संध्याकाळी परतलो तेव्हा घरभर कटाच्या आमटीचा वास होता. मॉनिटरवर झेंडूची माळ, डब्याच्या बटणाला हळदकुंकवाची बोटं. ताई खुर्चीत बसलेली. तिनं मशीन लावलं होतं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येऊन थांबल्या होत्या. “काय म्हणतंय हे? डिस्क नाही म्हणतंय.” मी गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून लावला, पुन्हा चालू केलं. सिस्टिम उठली. पहिल्या दिवशीसारखी. घड्याळ परदेशातलं. आपलं घड्याळ लावायला पुन्हा शहर निवडायचं, यादीत आपलं नाही, मुंबई नाही, एकटं कलकत्ता. मराठी अक्षरं गायब. डेस्कटॉपवर सिस्टिमचं मूळचं निळं चित्र, आणि त्यावर काहीच नाही. कुणी तिथं कधी बसलंच नव्हतं असं.

“‘हात’ कुठाय?” ताई म्हणाली.

मी उगाच इकडं तिकडं क्लिक करत राहिलो. शोधायचं नाटक. कुठंच नाही हे मला सिस्टिम उठायच्या आधीच माहीत होतं.

“रवी, फोल्डर कुठाय माझं?”

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. अण्णा दारात उभे होते. ताईनं त्या हळदकुंकवाच्या बोटांकडं बघितलं. “बंद कुणी केलं होतं हे?”

“म्या,” अण्णा म्हणाले. “पूजेला.”

त्या क्षणी मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंही जमलं असतं तर बरं झालं असतं. मी खुर्चीवरून वळलो आणि अण्णांवर ओरडलो, “मी कागद लावला होता ना? एवढा मोठा कागद! वाचता येत नाही का तुम्हाला?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, एखादं मशीन भलताच आवाज काढायला लागलं की त्याच्याकडं बघत तसं, कुठून येतोय हा आवाज म्हणून. मग ताईकडं वळून म्हणाले, “चुकलं माझं. ध्यानात राह्यलं नाय.”

ताई ओरडली नाही. तिनं झेंडूची माळ काढून नीट आईच्या हातात दिली आणि आत गेली. पुरणपोळी त्या दिवशी कुणी मोडली नाही.

ती पुन्हा का काढली नाहीत चित्रं, असं मला पुढं कुणीकुणी विचारलं. सोपं वाटतं. खेड्यांतली मुलं दसऱ्यालाच गावी गेली होती, थेट दिवाळीनंतर येणार होती. तिनं दुसऱ्या दिवशी वहीत दोन चित्रं काढली, तिसऱ्याचा अंगठा जमेना, तशीच ठेवली. सोमवारी पुण्याची माणसं आली, तिनं त्यांना खुणा हातानं करून दाखवल्या. ती माणसं खूश झाली म्हणे, “काही केलं की पाठवा,” म्हणाली. तिनं काही पाठवलं नाही. माघात तिचं लग्न झालं, वैजापूरला, कांद्याच्या आडतवाल्यांच्या घरात. माणसं चांगली आहेत. शाळा मात्र सुटली. कांद्याची खूण तिला पहिल्या वर्षी फार उपयोगाला आली, असं ती स्वतःच हसून सांगते.

आज माझी चाळिशी उलटलीय आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अजून एक पेन ड्राइव्ह असतो. ऑफिसात कुणाचं विंडोज बसलं, चालूच होईना झालं, की मी तो लावतो, त्याच्यावरून मशीन उठवतो आणि आतल्या फायली दुसरीकडं काढून देतो. लोक हात जोडतात. “साहेब, वाचवलंत!” त्या आभारांनी मला इतकी चीड येते की मी धड बोलत नाही. लोक म्हणतात माणूस हुशार आहे, पण खडूस आहे.

अण्णा माझ्याजवळ असतात. ऐंशीकडं आले. त्या खंडेनवमीनंतर त्यांनी घरातल्या कुठल्याही यंत्राला आपणहून हात लावला नाही. इन्व्हर्टरचं पाणी मी भरायचो, मिक्सर दुकानात दुरुस्तीला जायला लागला. आता तर टीव्हीचा रिमोट, गिझर, बेल, सगळ्याला विचारतात, “हे दाबू का?” दिवसातून कितीदा. बायको वैतागते, मी तिच्याहून जास्त. परवा मी मोबाइलमध्ये डोकं घालून “हो हो, दाबा” म्हणालो. ते रिमोट हातात धरून तसेच उभे. मी वर बघेपर्यंत त्यांनी दाबलं नाही. म्हणाले, “तू आधी हिकडं बघ. मंग सांग.”

तोवर मी समजत होतो की ते विसरले असतील.

या दिवाळीत आम्ही वैजापूरला होतो. जेवणं चालली होती, ताईची मुलगी आजोबांना तिचा नवा लॅपटॉप दाखवत होती. ताई वाढता वाढता म्हणाली, “आजोबांना बटन दाखवू नकोस गं बाई. माझं आख्खं पुस्तक एका बटनात गेलंय.” हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. कितीतरी सणांना झालेला. सगळे हसले. अण्णाही हसले, नेहमी हसतात. मी ताट सरकवून म्हणालो, “पुरे झालं ना ते आता! किती वर्षं तेच तेच?” सगळे माझ्याकडं बघायला लागले. ताई म्हणाली, “तुला काय झालं? तुझं थोडंच गेलंय?” अण्णांनी हातानं, शब्दाशिवाय, ताईकडं आमटी मागितली. ताई आमटी आणायला आत गेली. मी पुन्हा ताट ओढलं आणि जेवलो.

तेव्हा माझं देणं असं आहे. ताईला सांगायचं आहे की तिची चित्रं कधी कुठं ठेवलेलीच नव्हती, कुणी बंद केलं नसतं तरी एखाद्या दिवशी ती जाणारच होती, आणि हे मला माहीत होतं. तिला सांगायचं आहे की अण्णांनी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो. हे अण्णा समोर बसलेले असताना, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.